ऋतिकचं मशीन आणि ऋतिकचे कान

मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऋतिकला ऐकू आला नाही तर? गेले कित्येक दिवस ही काळजी माझ्या डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना येते, शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारताना येते, आणि आता घरातले सगळे झोपल्यावर तर ती समोर येऊन बसलीच आहे. शिनोलीहून राजुरीला तो मोटारसायकलने जातो. अंधारात जातो, अंधारात येतो, दोन्ही बाजूंना ऊस. बिबट्याची भीती आमच्याकडच्या सगळ्याच आयांना असते, तशी मलाही आहे. पण तिच्यावर निदान काही उपाय आहेत. चौघांनी मिळून निघावं, मोठ्याने बोलत जावं. ज्याला हॉर्न ऐकू येत नाही त्याने काय करावं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ऋतिक माझा एकुलता एक मुलगा. वय चोवीस. बी.एस्सी. अर्धवट सोडून तो राजुरीच्या मोहितच्या बेंजो पार्टीत गेला. आमच्याकडे लग्न असो, जत्रा असो, गणपती असो, बेंजो पार्टीशिवाय काही हलत नाही. पुढे ढोल-ताशेवाले चालतात, मागून टेम्पो. टेम्पोत बेंजो, कीबोर्ड आणि पाठीशी छपरापर्यंत रचलेले स्पीकर. त्या स्पीकरांना सगळे भिंत म्हणतात. त्या भिंतीला पाठ लावून, उजव्या अंगाला, ऋतिक उभा राहतो. कॉलेज सोडलं तेव्हापासून त्याची जागा तीच.

तो नेमकं काय वाजवतो हे मला बरेच दिवस सांगता येत नसे. नातेवाइकांनी विचारलं की "कीबोर्ड" म्हणून मी मोकळी व्हायचे. शेवटी एकदा त्यानेच मला समोर बसवून दाखवलं. जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन. त्याला सिक्वेन्सर म्हणतात. वर बटणांची एक लांब रांग आणि प्रत्येक बटणात बारीक लाल दिवा. सुरू केलं की उजेड डावीकडून उजवीकडे पळत जातो आणि टोकाला पोचला की परत पहिल्या बटणावर येतो. जे बटण दाबून ठेवलं असेल तिथे उजेड आला की ढोल वाजतो. दुसऱ्यावर ताशा लावायचा, तिसऱ्यावर झांज. एकदा लावून दिलं की ते आपलं फिरत राहतं, आणि ते फिरत असतानाच ऋतिक त्यातलं काही काढतो, काही घालतो.

"म्हणजे भातगिरणीचा पट्टा," मी म्हणाले.

लहानपणी भात भरडायला नेलं की हा गिरणीच्या दाराशी उभा राहायचा. पट्ट्याचा सांधा चाकावरून गेला की दर फेरीला फट् असा आवाज व्हायचा आणि त्या प्रत्येक फट्ला याची मान हलायची. भात भरडून झालं तरी हा निघायचा नाही.

"बरोब्बर!" तो खूश होऊन म्हणाला. "आई, तुला कळालं. मोहितला अजून नाय कळालं."

त्याचे वडील मात्र त्या मशीनला डबाच म्हणायचे. हा निघाला की ओट्यावरून विचारायचे, "डबा घेतला का रं?" आणि माझ्याकडे बघून, "जेवायचा न्हवं, वाजवायचा."

मला त्या मशीनचा तेव्हा रागच होता. त्याच्यामुळे मुलगा रस्त्यावर, टेम्पोवर, रात्री-अपरात्री बाहेर. शाळेत एक सर गाण्यांची हौस असलेले आहेत. ते म्हणाले, हेच सगळं आता लॅपटॉपवर होतं, घरात बसून. मी लगेच ऋतिकला विचारलं.

"होतं की," तो म्हणाला. "पण लॅपटॉपला हात कुठंय? ढोल काय मी माऊस धरून वाजवू? उन्हात स्क्रीन दिसत नाय. जनरेटरनं झटका दिला का बंद. आन् ऐन मारुतीपुढं त्यानं अपडेट मागितला तर नवरदेव काय घोड्यावर बसून वाट बघणार?"

खरं सांगायचं तर त्याचं बोलणं मला पटलं होतं. मी त्याला एकदा वाजवताना पाहिलं आहे, माझ्याच भाचीच्या लग्नात. त्याचे डोळे बटणांवर नव्हतेच. ते नाचणाऱ्यांवर होते. नवरदेवाच्या मामाला जोर चढला की हा तोच फेरा फिरवत ठेवायचा, मामाचं मन भरेपर्यंत. पोरं दमली की ताशा काढून घ्यायचा, नुसता ढोल ठेवायचा, आणि त्यांनी श्वास घेतला की सगळं एकदम परत सोडायचा. बोटं आपोआप जागा शोधायची. आणि आवाज सगळे त्याचे स्वतःचे होते. पाटणच्या खोऱ्यातल्या ढोलाचा, एका गोंधळ्याच्या संबळाचा, आमच्याच अंगणातल्या उखळाचा. हे सगळं त्याने गोळा करून त्या डब्यात भरलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात राजुरीकडच्या एका वाडीत लग्न होतं. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. परण्याच्या वाटेवर एखाद्या घरी दुःख झालेलं असेल तर त्या घरापुढून वाजवत जायचं नाही. घराच्या अलीकडे वाद्यं थांबवायची, खाली बघून पुढे जायचं, घर मागे पडलं की परत सुरू करायची. ढोलवाल्यांच्या पुढे जानकू नावाचा वयस्क माणूस चालतो. त्याला सगळी घरं ठाऊक. तो वळून ओरडतो, "बंद!" की सगळे थांबतात.

त्या दिवशीही तो ओरडला. ढोल थांबले. ताशा थांबला. बेंजो थांबला. मशीन थांबलं नाही.

मोहितने मला नंतर सांगितलं, "मावशी, समदी वरात गप उभी, आन् एकटा डबा धाडधाड वाजतोय. ऋतिक खाली मान घालून बटणं फिरवतोय. मला वाटलं, ह्याला येड लागलं का काय."

त्या घरातली तरणी सून महिन्याभरापूर्वी गेली होती. तिचा सासरा ओट्यावर येऊन उभा राहिला. मोहितने पळत जाऊन वायरच उपटली. जानकू टेम्पोपाशी आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "कान इकून खाल्लं का रं पोरा? लई मोठा कलाकार झाला का?"

घरी आल्यावर ऋतिक म्हणाला, मशीनचं बटण अडकलं. मी विश्वास ठेवला. न ठेवायला काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मोहितला घेऊन त्या घरी गेला, त्या म्हाताऱ्या सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी चहा पाजला म्हणे, आणि "हुतं असं" एवढंच म्हणाले. तिथून येतानाच याने मशीन मोहितकडे ठेवून दिलं आणि पुण्याच्या एका मित्राकडून जुना लॅपटॉप आणला. आता आपण घरीच बसून सगळं तयार करणार, वरातीत मोहितने ते नुसतं लावायचं, असं त्याने जाहीर केलं.

मला बरं वाटलं. आता हा घरात दिसेल, वेळेवर जेवेल.

मोहित मात्र भांडायलाच आला. माझ्या हातचा चहा पीत पीत भांडला.

"राव, तुझं गाणं संपलं आन् मामा नाचायचा ऱ्हायला, मग? मामाला काय सांगू, फाईल संपली?"

"लांब करून देतो. अर्ध्या तासाचं करतो."

"आन् मामा दोन मिनिटात पडला तर? उरलेलं कुणी नाचायचं, घोड्यानं?"

"तू बंद कर की मग."

"आरं पण तू लागतो तिथं! मशीन काय, मी बी फिरवीन. कुठं सोडायचं आन् कुठं धरायचं ते तुलाच कळतं. काय ओ मावशी?"

ऋतिक हसला नाही. तो मोहितच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. तेव्हा मला वाटलं, किती लक्ष देऊन ऐकतोय.

लॅपटॉपवर तो काय करतो ते मी जाता-येता बघायचे. पडद्यावर एकाखाली एक आडव्या पट्ट्या असत, आमच्या डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारख्या. एका पट्टीत ढोल, तिच्याखाली ताशा, तिच्याखाली बासरी. आवाज म्हणजे काळ्या-निळ्या शेंगा. तो त्या उचलायचा, कापायचा, इकडच्या तिकडे लावायचा. "इथं चुकलं तरी मागं जाता येतं, आई. मशीनवर चुकलं का अख्ख्या गावाला ऐकू गेलं." हे तो म्हणाला तेव्हा त्या परण्याची आठवण त्याच्या मनात असावी, असं समजून मी विषय बदलला.

पावसाळ्यात भाताच्या आवणीची कामं उरकल्यावर त्याच्या मनात आलं की शेजारच्या झुंबरबाईंचा आवाज घ्यायचा. झुंबरबाई साठीच्या पुढच्या आहेत. भात लावताना त्या म्हणायला लागल्या की चार बांधांवरच्या बायका गप्प होतात. ऋतिकने त्यांना आमच्या स्वयंपाकघरात बसवलं, समोर माईक धरला.

"ह्याच्यात आवाज गेल्यावर माझ्याकडं काय ऱ्हाईल का?" झुंबरबाई म्हणाल्या.

"ऱ्हाईल की, आज्जी. मी नक्कल काढतो फक्त."

"तसं आसंल तर माझ्या सुनंची नको काढू. एक हाय तीच लई झाली."

त्या गायल्या. त्याने चार-सहा दिवस खपून त्यावर ढोल बसवला, मागे उखळाचा ठोका, मध्येच बारीक घुंगरू. मग आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि मोठ्या आवाजात लावलं. मी, त्याचे वडील, झुंबरबाई.

गाणं सुंदर झालं होतं. पण त्याच्या पहिल्या क्षणापासून एक बारीक, सरळ, कानात दाभण घातल्यासारखी शिट्टी चालू होती. मला वाटलं, मुद्दाम घातली असेल. झुंबरबाईंनी दोनदा कानाजवळून हात फिरवला.

"पोरा, मधी डास कशाला रं घातला?"

"कुठला डास?"

"ह्यो काय. चीं करतोय."

ऋतिकने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "शिट्टी वाजतेय रे एक, सारखी. इन्व्हर्टरची असेल. त्या दिवशी लाईट नव्हती ना."

"नाय आई. काय नाय."

"आरं, मला बी ऐकू येती," त्याचे वडील हसत म्हणाले. "माझं कान ट्रॅक्टरनं गेल्यात, तरी बी."

ऋतिकने आवाज अजून वाढवला. झुंबरबाईंनी कानावर हात ठेवले. तो स्पीकरला कान लावून बसला. मग त्याने पडद्यावर काहीतरी उघडलं. त्यात गाणं रंगांत दिसत होतं, खाली दाट, वर विरळ, ढगासारखं. आणि अगदी वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतासारखी एक सरळ रेघ होती. त्याने माऊसने ती रेघ पुसली, गाणं परत लावलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"गेली का?"

"गेली," मी म्हणाले.

तेव्हा मला मशीनचं बटण, मोहितच्या तोंडाकडे बघणं, सगळं एकदम उमगलं. त्यालाही माझं उमगणं कळलं असावं. झुंबरबाई गेल्यावर तो म्हणाला, "बटण अडकलं नव्हतं, आई. जानकूबाबा वरडलेला मला ऐकूच आला नाय. मला वाटलं, ढोलवाल्यांनी मुद्दाम जागा सोडली. मी भरत व्हतो."

मग मी त्याला मंचरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानांना हेडफोन लावून, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. तो मध्ये मध्ये बटण दाबत होता आणि मला हायसं वाटत होतं, येतंय म्हणजे ऐकू. थोड्या वेळाने डॉक्टरबाईंनी दार उघडलं.

"तू आवाज आल्यावर दाबतोयस की तालात?"

ऋतिक कसनुसा हसला. आवाज किती वेळाने येतात याचा अंदाज बांधून तो ठेक्यात बटण दाबत होता. बाईंनी मग मुद्दाम वेळ पुढेमागे केला. नंतर बराच वेळ त्याचा अंगठा हललाच नाही.

बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. वरच्या पट्टीचं ऐकणं दोन्ही कानांचं गेलं आहे, उजव्याचं जास्त. ते परत येणार नाही. बोलणं समजतं ते अजून शाबूत आहे, पण त्याच्या कडेला पोचलं आहे. त्या स्पीकरांपुढे उभं राहणं थांबलं तर आहे ते टिकेल. नाही थांबलं तर काही वर्षांत आईचं बोलणंही तोंड बघूनच कळून घ्यावं लागेल. कानाला लावायचं यंत्र त्यांनी सुचवलं.

"आन् लॅपटॉप?" ऋतिकने विचारलं. "लॅपटॉपवर केलं तर चालंल?"

"आवाज लहान ठेवून कर. खुशाल कर."

मला वाटलं, सुटलो. घरात बसून गाणी करायची, तीही आता तो करतोच आहे. येताना एसटीत मी त्याला हेच सांगत होते. तो खिडकीकडे बसला होता. उजवा कान माझ्याकडे होता, म्हणून त्यातलं त्याला किती ऐकू आलं मला माहीत नाही.

त्यानंतर तो लॅपटॉपपुढे बसायचा, पण नुसता बसायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाला,

"ह्याच्यात मी गाणं बघतो, आई. ऐकत नाय. घुंगरू मी लावतो ते कुठं लावायचं ते दिसतं म्हणून. वाजतं का नाय ते मला ठावं नाय. गाणं पूर्ण झालं की वरच्या बाजूला एक पट्टा दिसतो, त्यात काय काय चाललेलं असतं, आन् माझ्या कानात तिथं काहीच नसतं. रोज उघडलं की रोज तेच दाखवतं."

"मग मला बोलाव. मी ऐकून सांगत जाईन."

"किती गाणी सांगशील? जन्मभर?"

मी होय म्हणाले असते. त्याने म्हणू दिलं नाही.

"मशीनवर तसं नाय. तिथं काय दिसतच नाय. ढोल छातीत वाजतो, बोटाखाली बटण असतं, दिवा पळत असतो. तिथं मला माझं काय गेलं ते कळत नाय. पूर्ण असल्यागत वाटतं."

सोयीच्या दोन यंत्रांपैकी कोणतं चांगलं, एवढंच असतं तर मी त्या सरांना विचारून आले असते. इथे एक यंत्र माझ्या मुलाला खरं काय ते रोज दाखवतं आणि दुसरं त्याला ते विसरू देतं. जे विसरू देतं ते त्या भिंतीपुढेच वाजवायचं असतं.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली आणि एके दिवशी तो मोहितकडून मशीन घेऊन आला. आल्या आल्या मला म्हणाला, "मोहितला काय सांगायचं नाय. कुणालाच नाय. बहिरा वाजवणारा कोण ठेवील?"

"तो तुझा मित्र आहे."

"म्हणूनच. मित्र हाय म्हणून ठेवील, आन् मग सारखा बघत बसंल, ऐकू आलं का ह्याला म्हणून. शप्पत घे माझी."

मी शपथ घेतली नाही. पण "नाही सांगत" म्हणाले. त्याचा चेहरा बघून म्हणाले.

त्याच्या वडिलांचं म्हणणं निराळंच. "वाजवू दे गं. तरणा हाय. मी बी ट्रॅक्टरवर बसूनच कान घालवलं, कुणी कोर्टात गेलं का?" त्यांना वाटतं, यंत्र लावलं की चष्म्यासारखं सगळं नीट होतं. डॉक्टरबाईंनी तसं नाही म्हणून सांगितलं होतं, पण हे बरोबर आले नव्हते. कानात घालायचे बोळेही बाईंनी दिले आहेत. ऋतिक ते खिशात घालून नेतो आणि तसेच कोरे परत आणतो. ते घातले तर छातीतला ढोलसुद्धा पोकळ लागतो म्हणे.

आज दुपारी तो राजुरीला गेला. उद्या सकाळी तिथे मोठं लग्न आहे, त्याचा परण्या वाजवायचा आहे. संध्याकाळी मोहितचा मला फोन आला. तो मला नेहमी करतो, मुलगा पोचला म्हणून सांगायला.

"मावशी, पोचला बरं का तुमचा कलाकार. जेवाय बसलाय. आन् एक खूशखबर, नवीन साउंड आणलाय. पयल्याच्या दुप्पट! उद्या राजुरीच्या काचा ऱ्हात न्हाईत बगा."

"तो कुठे उभा राहणार?" मी विचारलं.

"कोण, ऋतिक? त्याच्या जाग्यावरच की. भिंतीपुढं. त्याच्याबिगर कुणाला जमतंय तिथं?"

तो हे कौतुकाने म्हणत होता. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर मी स्वयंपाक केला, जेवले, भांडी आवरली, अंथरूण घातलं आणि उठून लिहायला बसले. ऋतिक कसा आहे ते लिहावं, म्हणजे मनातलं ओझं उतरेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. लिहिताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येत राहिली. मशीन की लॅपटॉप, हा वाद त्याला कान आहेत तोवरच घालता येणार आहे. बोलणं ऐकू येणंही गेलं की दोन्ही सारखीच. मग तो दिवे बघेल नाहीतर रेघा बघेल. आणि त्या अवस्थेकडे तो उद्या सकाळी दुप्पट आवाजात चालत जाणार आहे, माझ्या "नाही सांगत"च्या भरवशावर.

मोहितला सांगितलं तर काय होईल, याचाही मी विचार केला. मोहित त्याला टेम्पोवरून उतरवेल, चांगल्या मनाने उतरवेल. जानकूला कळेल, वाजवणाऱ्यांच्या सगळ्या पार्ट्यांना कळेल. "कान इकून खाल्लं" असं म्हणणारा माणूस मग हळहळेल, आणि ऋतिकला ती हळहळ शिवीपेक्षा जास्त लागेल. तो माझ्याशी बोलणं टाकेल. किती दिवस, मला माहीत नाही. त्याच्या वडिलांवर रागावला की तो तासाभरात विसरतो, माझ्यावरचा राग मात्र फार दिवस धरून ठेवतो.

आणि तरीही मला वाटतं, त्याने रागाने का होईना माझं बोलणं ऐकून बोलणं टाकावं. ऐकू न आल्यामुळे टाकू नये.

कुणी म्हणेल, मोहितला गुपचूप सांग, "मी सांगितलं म्हणू नकोस" म्हण, "वायर तोकडी पडतेय, तू मागे उभा राहा" असं त्याने ऋतिकला सांगावं. हेही माझ्या मनात येऊन गेलं. पण ऋतिकच्या पाठीमागे बोललेलं त्याला तसंही ऐकू येत नाही. त्याचा फायदा मी घेऊ? ते मला जमणार नाही.

म्हणून मोहितला नाही, ऋतिकलाच फोन करायचा. आत्ता. राजुरीत आज हळद आहे, म्हणजे कुणी झोपलेलं नाही. तो फोन नेहमी खिशात थरथरत ठेवतो, रिंगवर ठेवत नाही. आता त्याचं कारण मला कळतं. त्याला सांगायचं, गर्दीतून बाजूला ये, फोन डाव्या कानाला लाव. मग सांगायचं, मी दिलेला शब्द परत घेते आहे. परण्या निघायच्या आधी तू मोहितला सांग. तू सांगितलं नाहीस तर सकाळी पहिल्या एसटीने मी राजुरीला येईन आणि तुझ्यासमोर त्याला सांगेन. मशीन भिंतीच्या मागे राहून, लांब वायर लावून वाजवता येतं का, ते तुम्ही दोघांनी बघा. नाही आलं तर खाली उतर.

तो म्हणेल, "आई, तू म्हणाली व्हतीस." मी म्हणेन, "हो, म्हणाले होते."

त्यापुढे काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. ठरवत बसले तर उजाडेल. फोन लावते.